बॅकलिट आणि क्लिअर मटेरियलचं प्रोफाइल: रात्री रंग का उडतात आणि मोजणी कशी करायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्याकडे सांगलीजवळ कुपवाडला इको-सॉल्व्हंट (सुकत जाणाऱ्या शाईचं) छपाई मशीन आहे, जोडीला पांढरी शाई असलेलं यूव्ही (अतिनील दिव्याखाली शाई घट्ट करणारं) रोल मशीन नुकतंच आलंय. आय-वन प्रो २ या रंग मोजणाऱ्या मीटरने साध्या फ्लेक्सची आणि व्हिनाइलची प्रोफाइल्स (मशीन त्या मटेरियलवर कोणता रंग कसा छापतं याचे तक्ते) बनवली, ती छान चालतात. त्याच पद्धतीने बॅकलिट (मागून दिवा लावायच्या) फ्लेक्सचं प्रोफाइल केलं आणि सराफ कट्ट्यावरच्या एका दुकानाचा ग्लोसाइन बोर्ड छापला. दिवसा बोर्ड झकास दिसतो. संध्याकाळी दिवे लागले की मरून पार्श्वभूमी गुलाबी होते, काळी अक्षरं राखाडी पडतात आणि सोन्याचे दागिने लिंबासारखे दिसतात. दुसरं काम मार्केट यार्डातल्या हळद व्यापाऱ्याचं, काउंटरच्या काचेला आतून लावायचा क्लिअर (पारदर्शक) स्टिकर. त्यातला हळदीचा पिवळा हिरवट, मळका आला. "प्रोफाइलमधलं नेमकं कुठलं सेटिंग चुकतंय?" असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मते सेटिंग कुठलंच चुकलेलं नाही. दोन्ही कामांत मीटरने जे पाहिलं ते गिऱ्हाईक पाहत नाही, एवढाच सगळा घोळ आहे. मीटरने बॅकलिट फ्लेक्सवरून परतलेला उजेड मोजला, गिऱ्हाईक आरपार आलेला उजेड पाहतं. क्लिअर स्टिकर तुम्ही पांढऱ्या कागदावर ठेवून मोजला असणार, दुकानात त्याच्या मागे काळोख आहे. त्यामुळे आधी शाई किती पडते ते ठरवायचं, मग बोर्ड ज्या उजेडात दिसणार त्याच उजेडात मोजायचं आणि प्रोफाइल सगळ्यात शेवटी बनवायचं. हा क्रम उलटा झाला की कितीही महागडं सॉफ्टवेअर असलं तरी रात्रीचा बोर्ड फिकाच राहतो.

आधी बॅकलिटचं बघू. साध्या प्रिंटमध्ये उजेड शाईतून आत जातो, पांढऱ्या थरावर आपटतो आणि परत शाईतूनच बाहेर येतो. म्हणजे शाई त्याला दोनदा अडवते. मागून दिवा असला की उजेड एकदाच शाईतून जातो. ढोबळ हिशोब करा. डेन्सिटी म्हणजे गडदपणाचा आकडा; दिवसा १.६ डेन्सिटी मोजलेला काळा फक्त २.५ टक्के उजेड परत देतो. तोच थर आरपार मोजला तर डेन्सिटी निम्म्यावर, म्हणजे ०.८ च्या आसपास येते आणि जवळजवळ १६ टक्के उजेड बाहेर पडतो. १६ टक्के उजेड सोडणारा रंग डोळ्याला काळा दिसूच शकत नाही. तुमच्या मरूनमधला काळ्याचा आणि मॅजेंटाचा भाग असाच अर्धा झाला, म्हणून गुलाबी उरला. सोन्याच्या छटेत पिवळ्यासोबत असलेले मॅजेंटा आणि काळा पातळ पडले, म्हणून लिंबू दिसलं.

ही कमतरता प्रोफाइल भरून काढू शकत नाही. तुमचं मशीन, ती शाई आणि ते मटेरियल मिळून कोणते रंग देऊ शकतात, एवढंच प्रोफाइल रिपला (फाइलचं शाईत रूपांतर करून मशीनला देणाऱ्या सॉफ्टवेअरला) सांगतं. जी डेन्सिटी छापलीच गेली नाही ती प्रोफाइल आणणार कुठून? म्हणून रिपमध्ये बॅकलिटसाठी वेगळा प्रिंट मोड बनवा. बहुतेक रिपमध्ये तीन वाटा असतात: मोठा ड्रॉप (शाईचा थेंब) आणि जास्त पास (हेडच्या फेऱ्या), एकाच जागी दोन थर, किंवा एकेका रंगाची इंक लिमिट (शाईची कमाल मर्यादा) वाढवणं. इको-सॉल्व्हंटवर दोन थरांची वाट मला सगळ्यात भरवशाची वाटते, कारण पहिला थर थोडा सुकल्यावर दुसरा पडतो. एकदम तेवढीच शाई ओतली तर ती डबक्यासारखी साचते आणि बारीक अक्षरांच्या कडा फुटतात.

किती शाई पुरे, हे अंदाजाने ठरवू नका. चारही रंगांच्या ० ते १०० टक्के पट्ट्या ५-५ टक्क्यांच्या पायऱ्यांनी छापा, एकदा एका थरात आणि एकदा दोन थरांत. त्या लाइटबॉक्सवर ठेवून बघा. शेजारच्या दोन पायऱ्यांतला फरक जिथे मरतो तिथे त्या रंगाची मर्यादा. परावर्तित मोजणीत ही मर्यादा फसवी निघते. दिवसाच्या उजेडात काळा ७० टक्क्यांनंतर वाढताना दिसत नाही, कारण पृष्ठभागावरची चमक मीटरला पुढचं काही दिसू देत नाही. आरपार पाहिलं तर तोच काळा १०० टक्क्यांपर्यंत गडद होत जातो. रिफ्लेक्टिव्ह (परतलेला उजेड मोजणाऱ्या) मीटरने लिनिअरायझेशन, म्हणजे रंगाच्या पायऱ्या सारख्या वाढतील अशी जुळणी, केलं की रिप हा वरचा सगळा भाग कापून टाकतो आणि रात्रीचा काळा तिथेच हातचा जातो. तुमच्या बाबतीतही हेच झालं असणार.

एकेका रंगाची मर्यादा ठरली की एकूण शाईची चाचणी घ्या. २०० ते ४०० टक्क्यांचे (चारही रंगांच्या टक्क्यांची बेरीज) चौकोन छापा, प्रत्येक चौकोनात शाई न पडता कोरी राहणारी पांढरी अक्षरं ठेवा. दहा मिनिटांनी बोट लावून बघा, आणि दुसऱ्या दिवशी तोच तुकडा घडी घालून, गुंडाळून बघा. शाई तडकली, पाठीला चिकटली किंवा फ्लेक्स मऊ पडून ताणताना लांबायला लागला, तर तेवढी शाई जास्त. दोन थरांच्या मोडमध्ये काही रिप हा आकडा एका थराचा धरतात, हे लक्षात ठेवा. स्क्रीनवर २५० दिसत असलं तरी मटेरियलवर ५०० पडत असतं. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवा इतकी दमट असते की उन्हाळ्यात सुकणारी शाई पावसाळ्यात ओली राहते. ही चाचणी शक्यतो पावसाळ्यात घ्या, किंवा पावसाळ्यासाठी हळू चालणारा वेगळा मोड ठेवा.

आता मोजणी. आरपार मोजणारे मीटर येतात. बार्बिएरीचा स्पेक्ट्रो एलएफपी त्यासाठीच ओळखला जातो, आणि एक्स-राइटचा आय-वन प्रो ३ प्लसही योग्य टेबलासोबत ट्रान्समिशन (आरपार येणारा उजेड) मोजतो. पण तुमच्याकडे असलेल्या आय-वन प्रो २ वरही काम निभावतं. तो मॉनिटर मोजतो तसा एमिशन मोडमध्ये लाइटबॉक्सवरचा चार्ट (छापलेल्या रंगीत चौकोनांचा नमुना) मोजू शकतो. आर्गिल सीएमएस हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि त्याच्या चार्टरीड प्रोग्रॅममध्ये प्रकाशपेटीवर ठेवलेला पारदर्शक चार्ट वाचायची सोय आहे. एकेक चौकोन वाचावा लागतो, म्हणून हजार चौकोनांचा चार्ट घेऊ नका. ३०० ते ४०० पुरतात, पण प्रत्येक चौकोन किमान १२ मिलिमीटरचा ठेवा.

लाइटबॉक्स मात्र नीट हवा. ज्या एलईडी मॉड्यूलचे बोर्ड तुम्ही बनवता तीच मॉड्यूल घ्या. पेटीची खोली दोन मॉड्यूलमधल्या अंतराएवढी तरी हवी, नाहीतर दिव्यांचे गोळे उमटतात. दिवे २०-३० मिनिटं चालू ठेवून मग मोजायला बसा, कारण एलईडी तापला की त्याचा उजेड थोडा बदलतो. डिमर लावलेला असेल तर काढून टाका. स्वस्त डिमर दिवा सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करून उजेड कमी करतो आणि मीटरचे आकडे नाचायला लागतात. कोरं मटेरियल ठेवून मधोमध आणि चार कोपऱ्यांत मोजा. फरक ५ टक्क्यांच्या वर असेल तर चार्ट मधल्या भागातच सरकवत वाचा.

आणखी एक गोष्ट फार जण विसरतात. चार्टच्या बाहेरचा उघडा लाइटबॉक्स काळ्या कार्डाने झाका आणि खोलीतले दिवे बंद करा. गडद चौकोन वाचताना बाजूचा थोडासा उजेड मीटरखाली शिरला तरी काळ्याचा आकडा वर जातो. मग प्रोफाइलची समजूत अशी होते की मशीनला काळा येतच नाही, आणि सगळ्या सावल्या राखाडी होतात. चौकोनांमध्ये पांढरी मोकळी जागाही सोडू नका, जाड काळी रेघ ठेवा.

इथे एक निर्णय तुमच्या धंद्यावर अवलंबून आहे. स्वतःच्या एलईडीवर एमिशन मोडने मोजलेलं प्रोफाइल त्या एलईडीचंच असतं. बोर्डाची पेटी तुम्हीच बनवत असाल आणि मॉड्यूल ठरलेली असतील, तर याच्याइतकं अचूक दुसरं काही नाही. पण फ्लेक्स तुम्ही छापून देता आणि पेटी साताऱ्याचा किंवा इस्लामपूरचा दुसराच फॅब्रिकेटर बनवतो, असं असेल तर खऱ्या ट्रान्समिशन मीटरने डी-५० (छपाईत प्रमाण मानलेला पांढरा उजेड) गृहीत धरून बनवलेलं प्रोफाइल बरं. ते कुठल्याच पेटीवर शंभर टक्के जुळणार नाही, पण कुठेच फार वाकडंही जाणार नाही. बाजारात कूल व्हाइट म्हणून मिळणाऱ्या मॉड्यूलवर ६५०० केल्व्हिन लिहिलेलं असतं, तरी वेगवेगळ्या लॉटचा पांढरा वेगळा निघतो. शिवाय पांढऱ्या एलईडीत ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळ्याचा उंच सुळका असतो आणि गडद लाल तुटपुंजा. त्यामुळे दागिन्यांचा लाल मिना आणि माणसांची त्वचा या दोन ठिकाणी सगळ्यात आधी बिघाड दिसतो. बोर्डावर चेहरा असेल तर जास्त सीआरआयची (रंग जास्त खरे दाखवणारी) मॉड्यूल लावा, असं गिऱ्हाइकाला आधीच सांगा. तिथे प्रोफाइलचा इलाज चालत नाही.

ट्रान्समिशन मीटर घेतलाच तर कॅलिब्रेशन कशावर करताय ते बघा. रिकाम्या दिव्यावर कॅलिब्रेट केलं आणि फ्लेक्स ३० टक्के उजेड सोडत असला, तर कोऱ्या फ्लेक्सचं एल मूल्य (उजळपणा: ० काळा, १०० पांढरा) ६२ च्या आसपास येतं. हा कागद फारच काळपट आहे असं समजून काही सॉफ्टवेअर विचित्र तक्ते बनवतात. जमत असेल तिथे कोरं मटेरियल पांढरं धरून कॅलिब्रेट करा. डोळाही तेच करतो. पेटलेल्या बोर्डावरचा सगळ्यात उजळ भाग तो पांढरा मानतो.

मोजून झाल्यावर प्रोफाइल बनवताना दोन-तीनच गोष्टींवर लक्ष द्या. काळ्याचा वापर मध्यमपेक्षा थोडा जास्त ठेवा. सायन (निळसर), मॅजेंटा आणि पिवळा मिसळून बनवलेला राखाडी एलईडी बदलला की हिरव्याकडे किंवा गुलाबीकडे झुकतो; काळ्या शाईने बनवलेला राखाडी जागेवर राहतो. मात्र काळा ३०-४० टक्क्यांच्या छटेपासून सुरू करा, नाहीतर गालावर काळे ठिपके टोचतात. रिपमध्ये रंग बसवण्याची पद्धत (रेंडरिंग इंटेंट) निवडताना फोटोसाठी पर्सेप्च्युअल, लोगोसाठी रिलेटिव्ह कलरिमेट्रिक वापरा. ॲब्सोल्यूट वापरूच नका, ते पांढऱ्या भागावरही रंगाची झाक टाकतं. फोटो आरजीबीतच रिपला द्या. आधी सीएमवायकेमध्ये बदलून दिलात तर आरपार उजेडात मिळणारे भडक, चमकदार रंग फाइलमध्येच कापले जातात.

दिवसा काय होईल, हा तुमचा पुढचा प्रश्न असणारच. दुप्पट शाईचा बोर्ड दिवसा काळपट दिसतो, विशेषतः मधल्या छटा. मॉलमध्ये किंवा स्टँडवर दिवा कायम चालू असेल तर चिंता नाही. रस्त्यावरच्या दुकानाचा बोर्ड दिवसभर बंद दिव्यात उभा असतो. तिथे दोनच सरळ उपाय आहेत. तुमच्या यूव्ही मशीनवर क्लिअर किंवा बॅकलिट फिल्मवर रंग, पांढरा, रंग असे तीन थर छापा. दिवसा फक्त वरचा रंग दिसतो आणि मधला पांढरा त्याला आधार देतो. रात्री दोन्ही रंग थर मिळून डेन्सिटी भरते. खर्च जास्त आहे, पण सराफी दुकानाला तो परवडतो आणि त्याला हेच हवं असतं. इको-सॉल्व्हंटवर करायचं तर दुसरा थर पूर्ण न देता ५०-६० टक्क्यांचा ठेवा आणि दिव्याचा उजेड कमी करा. पुष्कळ बोर्ड उगाच डोळे दिपवण्याइतके पेटवलेले असतात. मॉड्यूलची संख्या कमी केली तर काळा लगेच काळा वाटायला लागतो. तुमचा आत्ता लागलेला बोर्डही या एका उपायाने बराच सुधारेल, पुन्हा छापण्याआधी हे करून बघा.

आता हळदवाल्याचा क्लिअर स्टिकर. इथे मागून दिवा नाही, म्हणून रिफ्लेक्टिव्ह मोजणीच बरोबर. चूक पांढऱ्या थरात आहे. पांढरी शाई एकाच पासमध्ये पातळ पडते आणि मागचा काळोख तिच्यातून डोकावतो. राखाडीवर पिवळा टाकला की डोळ्याला तो हिरवट दिसतो, हा रंगाचा स्वभावच आहे. निळा किंवा लाल रंग हे झाकून नेतात, पिवळा लगेच उघडा पाडतो. हळदीच्या कामात पांढऱ्याला सूट नाहीच.

चाचणी सोपी आहे. क्लिअरवर पांढऱ्याच्या एक, दोन आणि तीन थरांच्या पट्ट्या छापा. प्रत्येक पट्टी आधी पांढऱ्या कागदावर आणि मग काळ्या कार्डावर ठेवून एल मूल्य मोजा. दोन आकड्यांत २-३ पेक्षा जास्त फरक असेल तर तो पांढरा अजून पारदर्शक आहे. फरक तेवढ्यात आला की तो थर पक्का करा आणि त्यानंतरच वरचा रंग आणि प्रोफाइल. पांढऱ्याच्या थरांची संख्या बदलली की प्रोफाइलही नवं, यात तडजोड नको. चार्ट नेहमी काळ्या कार्डावर ठेवून वाचा, म्हणजे काचेमागच्या परिस्थितीच्या जवळ जाल.

थरांचा क्रम बघा. तुमचा स्टिकर काचेला आतून लागणार, म्हणजे गिऱ्हाईक काच आणि फिल्म या दोन्हीतून रंग पाहणार. म्हणून फाइल मिरर, आधी रंग, वर पांढरा. स्टिकर बाहेरून लागणार असेल तर फाइल सरळ, आधी पांढरा आणि वर रंग. ही दोन कामं एका प्रोफाइलवर चालवू नका. गुळगुळीत प्लास्टिकवर आणि पांढऱ्या शाईवर रंगाचा ठिपका सारखा पसरत नाही. मधल्या छटा बदलतात. उलट्या छपाईचा चार्ट फिल्मच्या बाजूनेच वाचा, शाईच्या बाजूने नाही.

पातळ फिल्मवर हे ठीक चालतं. ३ किंवा ५ मिलिमीटरच्या ॲक्रिलिकमागे छापलं असेल तर मीटर फसतो. उजेड जाड ॲक्रिलिकमध्ये बाजूला पसरतो आणि मीटरच्या छोट्या छिद्रात परत येत नाही, त्यामुळे सगळे आकडे खरे असतात त्यापेक्षा गडद येतात. चौकोन मोठे ठेवा आणि ६ किंवा ८ मिलिमीटर छिद्राचा मीटर मिळाला तर तो वापरा. नसेल तर तीच शाई आणि तोच पांढरा पातळ क्लिअर फिल्मवर उलटा छापून तिचं प्रोफाइल ॲक्रिलिकला लावा. ते जास्त जवळ जातं.

पांढरा थर रंगापेक्षा चारी बाजूंनी पाव मिलिमीटर आत घ्या, नाहीतर अक्षरांना पांढरी किनार दिसते. क्लिअर रोल पारदर्शक असल्याने तो मशीनच्या सेन्सरला दिसत नाही. कडेला कागदी मास्किंग टेप चिकटवा किंवा रुंदी हाताने भरून सेन्सर बंद करा. आणि पांढऱ्या शाईतला टायटॅनियम डायऑक्साइड जड असतो, तो तळाला बसतो. मशीन रात्रभर बंद राहिलं की सकाळी शाई न हलवता छापलेला पहिला मीटर पांढऱ्याला पातळ असतो. चार्ट छापण्याआधी शाई फिरवून घ्या, नोझल चेक करा आणि पांढऱ्याचा एक भरीव चौकोन काळ्या कार्डावर बघून घ्या.

प्रोफाइल झाल्यावर २०-३० रंगांची एक छोटी पट्टी बनवून ठेवा: हळदीचा पिवळा, मरून, सोन्याच्या दोन-तीन छटा, त्वचा, राखाडीच्या पाच पायऱ्या. पहिल्याच दिवशी ती छापून, मोजून जपून ठेवा. डेल्टा ई २००० (हवा असलेला आणि छापलेला रंग यांतल्या फरकाचा आकडा) ची सरासरी ३ च्या आत आणि सगळ्यात वाईट रंग ६ च्या आत असेल तर काम सुरू करा. नवा रोल लावलात की हीच पट्टी पुन्हा छापा आणि जुनीच्या शेजारी लाइटबॉक्सवर ठेवा. बॅकलिट फ्लेक्सची जाडी लॉटप्रमाणे बदलते. दिवसा दोन रोल सारखे दिसतात, पण मागून उजेड आला की फरक उघड होतो. पट्टी सगळीकडे सारखीच उजळ किंवा गडद आली असेल तर फक्त लिनिअरायझेशन परत करा. राखाडी एका बाजूला झुकला असेल किंवा पिवळा आणि मरून वेगवेगळ्या दिशांना गेले असतील, तर चार्ट पुन्हा छापावा लागेल.